परदेशात इंटर्नशिप: पैसे भरायच्या आधी हा एक कागद मागा

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला आमच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. हातात एक चकचकीत पत्रक आणि मागे त्यांचा बंटी, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, मान खाली घालून उभा. पत्रकावर गोल्डन गेट पुलाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात "अमेरिकेत पेड इंटर्नशिप, महिना दोन लाखांपर्यंत, १००% व्हिसा". काकू चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "तू गेलेला ना रे तिकडे, मग सांग बरं. साडेतीन लाख म्हणतायत, गुरुवारपर्यंत भरायचे, सीट भरत आल्यात म्हणे. भरू का?"

मी गेलो होतो हे खरंय, बारा महिने एका हॉटेलात. पण हो की नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण हा प्रकार नक्की काय असतो हेच धड कुणी सांगत नाही. आमच्या नाशिकात कॉलेज रोडला, गंगापूर रोडला दर चार दुकानांआड "स्टडी अब्रॉड"चा बोर्ड आहे, आतली मंडळी व्हिसा व्हिसा करतात, आईबाप पगार पगार करतात, आणि पोरगं इन्स्टावर टाकायचे फोटो आधीच ठरवून मोकळं झालेलं असतं. म्हणून जे काकूंना त्या रात्री सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय.

आधी हे की ही नोकरी नाही

इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून लागतात ना, तोच प्रकार, फक्त कंपनी दुसऱ्या देशात. शिकायला जायचं, शिकता शिकता काम करायचं, आणि त्या बदल्यात जे पैसे मिळतात त्याला स्टायपेंड म्हणतात, म्हणजे राहण्या-खाण्यापुरता भत्ता. काही ठिकाणी तो चांगला असतो, काही ठिकाणी नावापुरता, काही ठिकाणी शून्य.

आता इथे तीन पार्ट्या असतात आणि तिघांना वेगवेगळं हवं असतं. कॉलेजला हवं असतं की पोराचे क्रेडिट पूर्ण व्हावेत आणि प्रोजेक्ट रिपोर्ट यावा. कंपनीला दोन हात हवे असतात, तेही सीझनमध्ये, आणि यात वाईट काही नाही, कुणी धर्मादाय करत नाही. तिसरी पार्टी म्हणजे त्या देशाचं सरकार, तिला आपण कायम विसरतो. तिला एकच धास्ती असते की शिकण्याच्या नावाखाली ही स्वस्त मजुरी तर नाही ना, म्हणजे आमच्या माणसाची जागा तर जात नाही ना. परदेशी इंटर्नशिपचे जे सगळे किचकट नियम, फॉर्म, शिक्के आहेत ना, ते बहुतेक या एका धास्तीतून आलेत, हे एकदा डोक्यात बसलं की कुठला फॉर्म कशाला ते आपोआप कळत जातं.

द्राक्षाची पेटी आणि पोरगं

काकूंचं माहेर पिंपळगावचं, त्यामुळे त्यांना मी द्राक्षाचं उदाहरण दिलं आणि ते लगेच कळलं, तर इथेही तेच देतो.

युरोपला जाणारी द्राक्षाची पेटी कशी जाते? नुसता माल गोड आहे म्हणून जात नाही. अपेडा म्हणजे केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था, तिच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी पाहिजे, प्लॉटमधून सँपल नेऊन औषधाच्या अंशाची तपासणी पाहिजे, नोंदणी असलेलं पॅकहाऊस पाहिजे, वर फायटोचं, म्हणजे माल रोग-किडीमुक्त असल्याचं, सर्टिफिकेट. पेटीवरच्या नंबरावरून रॉटरडॅममध्ये बसलेला माणूस सांगू शकतो की हा माल निफाड तालुक्यातल्या कुठल्या प्लॉटचा आहे. आणि एवढं सगळं असूनही २०१० साली काय झालं ते जिल्ह्यात सगळ्यांना आठवतं, ते लिहोसीन, म्हणजे वेलीची वाढ आवरायचं औषध क्लोरमेक्वाट क्लोराइड, त्याचे अंश मर्यादेबाहेर निघाले आणि कंटेनर तिकडेच अडकले. कागद सगळ्यांकडे होते पण नेमकी ती तपासणी आपल्याकडच्या यादीत नव्हती.

पोराचंही तसंच. कॉलेजचं पत्र म्हणजे प्लॉट नोंदणी, कंपनीची ऑफर म्हणजे ऑर्डर, विमा, व्हिसा, सगळी साखळी. आणि पोरगं तिकडे पोचल्यावर अडकतं ते बहुतेक एकाच गोष्टीत, की तिकडे नेमकं काय शिकवणार हे कुणी तपासलेलंच नसतं.

तो एक कागद

अमेरिकेचं उदाहरण घेतो कारण नाशिकमधली हॉटेलची बरीच पोरं तिकडेच बघतात. तिथे इंटर्नसाठी जे-वन नावाचा व्हिसा असतो. तो मिळायला दोनपैकी एक अट, एकतर तुम्ही सध्या अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकत असायला हवं किंवा पास होऊन बारा महिने झालेले नसावेत. मुदत जास्तीत जास्त बारा महिने. त्याच व्हिसात ट्रेनी नावाचा वेगळा गट आहे, तो डिग्रीनंतर निदान एक वर्ष नोकरी केलेल्यांसाठी, त्यात आत्ता शिरत नाही.

इथे एक शब्द समजून घ्या, स्पॉन्सर. आपल्याला वाटतं स्पॉन्सर म्हणजे खर्च करणारा, तसं अजिबात नाही. जे-वनमध्ये स्पॉन्सर म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था, जी तुमची आणि हॉटेलची दोघांची खातरजमा करते आणि वर्षभर तुमच्यावर लक्ष ठेवते. हॉटेल वेगळं, स्पॉन्सर वेगळा, आणि नाशिकचा एजंट तिसराच. स्पॉन्सर जो फॉर्म देतो तो डीएस-२०१९, त्याशिवाय व्हिसाचा इंटरव्ह्यूच होत नाही. त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

पण खरा कागद दुसराच, डीएस-७००२. हा म्हणजे ट्रेनिंगचा आराखडा. यात लिहावं लागतं की पोरगं कुठल्या पत्त्यावर काम करणार, तिथे किती लोक कामाला आहेत, आठवड्याला किती तास, पैसे किती. मग टप्पे. प्रत्येक टप्प्याची सुरुवात-शेवट तारीख, त्या टप्प्यातल्या सुपरवायझरचं नाव, काय शिकवणार, कसं शिकवणार आणि शिकलं की नाही हे कसं तपासणार. सह्या तिघांच्या, पोराची, हॉटेलच्या सुपरवायझरची आणि स्पॉन्सरची.

हॉटेलवाल्यांसाठी आणखी एक नियम आहे जो मला स्वतःला तिकडे गेल्यावर कळला, की सहा महिने किंवा जास्त मुदत असेल तर किमान तीन वेगवेगळ्या विभागांतून फिरवायलाच लागतं. वर्षभर नुसती भांडी किंवा नुसत्या चादरी चालत नाहीत. ऑफिसातलं कारकुनी काम असेल तर तेही वीस टक्क्यांच्या वर नाही. अकुशल काम तर थेट बंदच. आठवड्याला किमान ३२ तास मात्र द्यावे लागतात.

बंटीच्या फोनवर त्या एजंटने हा फॉर्म पाठवलेला होता, "नुसता सही करून पाठव" म्हणून. आम्ही तिघं डायनिंग टेबलवर बसून तो मोठा करून वाचला. टप्पा एक, फूड प्रॉडक्शन, खाली सात-आठ ओळी. टप्पा दोन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, खाली त्याच सात-आठ ओळी. टप्पा तीनला नावच नाही आणि ओळी परत त्याच, एक कॉमासुद्धा इकडचा तिकडे नाही. सुपरवायझरच्या रकान्यात "मॅनेजर" एवढंच. काकूंना इंग्रजी जेमतेम येतं पण त्या म्हणाल्या, "अरे हे तर तीनदा एकच लिहिलंय." बघा, एवढंच बघायचं असतं.

माझे सात आठवडे

कागदाने काय फरक पडतो असं वाटत असेल तर माझं सांगतो.

माझ्या आराखड्यात पहिले चार महिने किचन होतं. पहिले तीन आठवडे मस्त गेले, वॉक-इन कूलरमध्ये प्रत्येक डब्यावर टेप लावून तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहायची, जुना माल पुढे नवा मागे, सुरी हातात घेऊन कुणाच्या पाठीमागून जाताना मोठ्याने "बिहाइंड" ओरडायचं. मला आधी लाजच वाटायची ओरडायची, आपल्याकडे किचनमध्ये शेफ ओरडतो, पोरं नाही. एकदा नाही ओरडलो तर समोरचा गरम स्टॉकचं पातेलं घेऊन वळला, माझ्या हातावर अजून डाग आहे, त्यानंतर बाथरूमला जाताना पण बिहाइंड म्हणायचो.

मग लग्नांचा सीझन लागला आणि मला बँक्वेटला, म्हणजे समारंभाच्या हॉलवर टाकलं. खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला, गोल टेबलं गडगडवत न्या. एक आठवडा, दोन, तीन. मी गप्प, कारण आपल्याला सवयच असते, साहेबाने सांगितलं की करायचं. सातव्या आठवड्यात सोबतची फिलिपिनो मुलगी म्हणाली तुझ्या प्लॅनमध्ये बँक्वेट आहे का? मी खोलीवर जाऊन फॉर्म काढला, नव्हतंच. स्पॉन्सरला एक साधी मेल टाकली, तक्रारीचा सूर पण नाही, फक्त विचारलं की माझ्या आराखड्यात अमुक आहे आणि मी सात आठवडे तमुक करतोय, आराखडा बदलला आहे का? दोन दिवसांनी एचआरने बोलावलं, सोमवारपासून परत किचन. कुणी रागावलं नाही, मॅनेजर उलट म्हणाला आधी का नाही बोललास.

त्या मेलमध्ये ताकद माझी नव्हती, त्या फॉर्मची होती. तीनदा एकच परिच्छेद चिकटवलेला फॉर्म असता तर मी काय दाखवलं असतं?

मग एजंट कशाला लागतो?

लागतोच असं नाही. पण खरं सांगायचं तर अनेकांना लागतो, कारण हॉटेल शोधणं, इंटरव्ह्यू लावणं, कागद जमवणं हे नाशिकात बसून एकविसाव्या वर्षी स्वतःचं स्वतः करणं सोपं नाही, आणि कामाचे पैसे घेतले तर त्यात गैर काय. प्रश्न एवढाच की कशाचे किती.

काकूंना मी म्हटलं साडेतीन लाखांची फोड मागा. त्यात सरकारी फी किती असते ते सांगतो. जे-वनची सेविस नावाची नोंदणी फी २२० डॉलर, व्हिसाच्या अर्जाची फी १८५ डॉलर. दोन्ही मिळून साधारण पस्तीस हजार रुपयांच्या आसपास, डॉलरच्या भावाप्रमाणे थोडं इकडे तिकडे. वर स्पॉन्सरची फी, त्यातच किंवा वेगळा विमा, आणि विमान. ही फोड लिहून दिली की उरलेला आकडा म्हणजे एजंटची मजुरी, मग ती पटते की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फोड द्यायला जो कचरतो तिथेच उत्तर मिळालं.

आणखी एक गंमत, गंमत कसली, घोळच. भारतातून परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, त्याने घ्यायच्या फीला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे, आणि नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. पण "एज्युकेशन कन्सल्टन्सी" असा बोर्ड लावला की आम्ही नोकरी देत नाही, शिक्षणाचा सल्ला देतो असं म्हणायला मोकळे. म्हणून पत्रकावर "महिना दोन लाख पगार" आणि पावतीवर "कौन्सेलिंग चार्जेस" असं असेल तर जरा थांबा. पगार दाखवायचा नोकरीचा आणि पावती द्यायची सल्ल्याची.

"पण पैसे तर मिळतात ना?"

मिळतात, पण पत्रकावरचा आकडा आणि हातातला आकडा यात अंतर असतं. समजा ताशी १५ डॉलर आणि आठवड्याला ४० तास, तर चार आठवड्यांचे २४०० डॉलर. रुपयात केले की दोन लाख होतात, पत्रकवाला खोटं बोलत नाहीये बघा. फक्त पुढचं सांगत नाही. खर्च पण डॉलरमध्येच आहे. चार जणांत खोली घेतली तरी भाडं, बस पास, फोन, किराणा, आणि टॅक्स. आणि सीझन पडला की ४० तासांचे ३२ होतात, तेव्हा त्याच महिन्याचे १९२० होतात, भाडं मात्र तेवढंच. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे गेल्याचा खर्च निघून थोडेसे उरले होते, घरचं कर्ज फेडण्याइतके नाही. कर्ज काढून जाणाऱ्याने हे गणित ३२ तासांवर करावं, ४० वर नाही.

टॅक्सचं एक काम मात्र आवर्जून करा, कारण इथे आपली बरीच पोरं पैसे सोडून येतात. जे-वनवर नवीन गेलेल्या इंटर्नच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या पेन्शनचे आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याचे, मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात, तरी हॉटेलचं पेरोल खातं कधी कधी सरसकट कापतं. पहिली पे-स्लिप आली की बघा, कापलेत तर लगेच सांगा. आणि भारत-अमेरिका कर करारात कलम २१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ उमेदवारांना स्टँडर्ड डिडक्शनची, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक रक्कम करातून वगळायची, सवलत आहे, ती बाकीच्या बऱ्याच देशांच्या पोरांना नाही. म्हणून पुढच्या वर्षी एप्रिलच्या १५ तारखेच्या आत रिटर्न भरायचं, भारतात परत आलात तरी. माझा रूममेट म्हणाला जाऊ दे ना, कोण भरतं, आणि माझ्या खात्यात रिफंड आल्यावर मला फॉर्मचं नाव विचारत बसला.

विमा: जे-वनला प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं कव्हर सक्तीचं आहे. हातावर पातेलं सांडलं त्या दिवशी मला याची किंमत कळली. दात बहुतेक त्यात नसतो, तो नाशिकहून नीट करून जा.

"अमेरिकाच कशाला?"

बरोबर प्रश्न आहे, आणि प्रत्येक देशाचा स्वभाव वेगळा. मूळ धास्ती तीच, उत्तरं वेगळी.

फ्रान्समध्ये सगळा खेळ "कन्व्हेन्शन द स्टाज" या कागदाभोवती, म्हणजे कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी यांचा तिहेरी करार. कॉलेजची सही नाही तर इंटर्नशिप नाही, त्यामुळे तिथे "कॉलेजला कशाला सांगायचं" हे चालतच नाही. एका शैक्षणिक वर्षात एका कंपनीत जास्तीत जास्त सहा महिने, आणि दोन महिन्यांहून जास्त असेल तर भत्ता द्यायलाच लागतो, २०२४ मध्ये तो ताशी किमान ४.३५ युरो होता. म्हणजे महिना सहाशे युरोच्या वर थोडे. पॅरिसमध्ये यात एक खोली भागत नाही, गावाकडे भागतं.

जर्मनीत जरा उलटं वाटेल असं आहे. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप केली तर तिथला किमान वेतनाचा कायदा लागत नाही, म्हणजे कंपनी कमी देऊ शकते. स्वतःच्या हौसेने केली आणि ती तीन महिन्यांहून लांबली तर लागतो. आणि भारतातल्या कॉलेजात शिकणाऱ्याला तिथे इंटर्नशिपला जायचं तर विषय अभ्यासाशी जुळलेला हवा, चार सेमिस्टर झालेली हवीत, आणि तिथल्या रोजगार खात्याचा होकार लागतो. मेकॅनिकलची पोरं पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच जायचं म्हणतात, तर ते बसत नाही.

इंजिनीअरिंग-सायन्सवाल्यांनी आधी रिसर्च इंटर्नशिप बघावी, म्हणजे कंपनीऐवजी प्राध्यापकाच्या लॅबमध्ये. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांची, जर्मनीची डाड वाइज ठरावीक संस्थांच्या मुलांसाठी, फ्रेंच दूतावासाची चार्पाक. यात एजंटला द्यायला काही नसतं, उलट पैसे त्या योजनाच देतात, फक्त मार्क आणि अर्ज दोन्ही चांगले लागतात आणि अर्ज सहा-आठ महिने आधी.

जपानमध्ये "टेक्निकल इंटर्न" असा शब्द ऐकाल, तर ती विद्यार्थ्यांची इंटर्नशिप नाही. १९९३ पासूनची कामगार योजना आहे ती, भारताने २०१७ मध्ये त्यासाठी करार केला, आणि जपान स्वतःच आता ती बंद करून २०२७ पासून नवी व्यवस्था आणतोय. चांगली की वाईट तो भाग वेगळा, पण "इंटर्न" शब्द बघून कॉलेजच्या क्रेडिटसाठी जाऊ नका.

आणि नाशिककर म्हणून एक खास गोष्ट, जी बाकी बहुतेक जिल्ह्यांना नाही. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्स, इटली, कॅलिफोर्नियात ती ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे वाइन शिकणारा पोरगा एकाच वर्षात दोन हंगाम बघू शकतो, एक दिंडोरीत, एक तिकडे. जगभरातले वाइनवाले असेच दोन हंगाम करतात. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेचा हंगाम मात्र आपल्याच सुमाराला पडतो, तिकडे गेलात तर इथला बुडतो. काम काही रोमँटिक नसतं हं, बारा-बारा तास टाक्या आणि पाइप धुणं, पंप ओढणं, पहाटे रसाची साखर मोजणं. माझा एक मित्र जाऊन आला, म्हणाला वाइनपेक्षा पाणीच जास्त हाताळलं.

"एक लाख डॉलरचं काय मग?"

हा प्रश्न काकांचा होता, ते मधूनच आले बातम्या बंद करून. तर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने जी एक लाख डॉलरची फी आणली ती एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. जे-वन हा एक्स्चेंज, म्हणजे शिकण्याच्या देवाणघेवाणीचा व्हिसा, त्याला ती लागत नाही. व्हॉट्सॲपवर सगळं एकत्र कालवून फिरतंय.

जे बदललं ते वेगळंच. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना सोशल मीडियाचं प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात, तपासायला. बंटीचा चेहरा इथे पहिल्यांदा उतरला.

इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला. कसारा घाटात अडकायला नको म्हणून आदल्या दिवशीच जाऊन राहा, तारीख चुकली तर पुढची लवकर मिळेलच असं नाही. तिथला अधिकारी कायद्याने असं धरूनच बसलेला असतो की हा परत येणार नाही, आणि येणार हे पटवायचं काम तुमचं. याच मुद्द्यावर नाकारतात त्याला २१४-बी म्हणतात. म्हणून "१००% व्हिसा" असं जो छापतो तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो, त्या खुर्चीवरच्या माणसाचा निर्णय नाशिकमधून कुणी देऊ शकत नाही. पाठ केलेली उत्तरं देऊ नका, तुमच्या ७००२ मध्ये काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी पुरे. परत तोच फॉर्म, हो.

"गेलाच आहे तर तिकडेच राहील की"

हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण असतं मनात. जे-वन संपला की तीस दिवस मिळतात, फिरायला आणि सामान बांधायला, काम करायला नाही. स्पॉन्सरला न सांगता दुसऱ्या हॉटेलात लागलात तर व्हिसा गेला. पूर्वी आपल्या बऱ्याच पोरांना आणखी एक अट लागायची, की संपल्यावर दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डकडे जायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि त्यातून भारत वगळला गेला, त्यामुळे आता ती अडचण बरीच कमी झालीय, सरकारी पैशावर गेला असाल तर अजून लागू शकते. पण अट गेली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. तिकडच्या ट्रेनिंगवर पुण्या-मुंबईत चांगल्या हॉटेलात सुरुवात जरा वरच्या पायरीवरून होते, माझ्या बाबतीत झाली, तेवढं धरून चला.

एक प्रकार जो ऐकताच उठून यायचा

"आत्ता व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिकडे पोचल्यावर कन्व्हर्ट करून देतो." हे वाक्य ऐकलं की चहा अर्धा सोडून उठा. आयटी-बीसीएच्या पोरांना थायलंडमध्ये "डिजिटल मार्केटिंग", "डेटा एंट्री" अशा ऑफर येतात आणि पोरं सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेली जातात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. पासपोर्ट कंपनीकडे ठेवायचा असं कुणी म्हणालं तरी तेच, पासपोर्ट स्वतःच्याच ताब्यात ठेवायचा, आणि परदेशात अडकलात तर भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते.

आता काकूंचं. गुरुवार गेला, सीट काही संपली नाही, शुक्रवारी एजंटचाच फोन आला. बंटीने त्याला तीन गोष्टी लिहून मागितल्या, फोड, स्पॉन्सरचं नाव आणि नीट भरलेला आराखडा. फोड आली, तीन लाख दहा हजारांची, आधीचे चाळीस हजार कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. स्पॉन्सरचं नाव परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे, ते मी स्वतः बघितलं. नवा फॉर्म परवा आला, टप्पा दोनच्या ओळी आता वेगळ्या आहेत आणि टप्पा तीनला फ्रंट ऑफिस असं नाव पडलंय. सुपरवायझरचा रकाना मात्र तिन्ही ठिकाणी अजून "मॅनेजर"च आहे, नाव नाही. काकू म्हणाल्या नाव येऊ दे मग बघू. चेक लिहून तयार आहे, देव्हाऱ्याच्या खणात, तारीख टाकलेली नाही.